मदत हवी आहे: कादंबऱ्यांतील लग्नानंतर फुलणाऱ्या प्रेमाविषयी

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीतील यमू आणि रघुनाथराव हे माझे सर्वांत आवडते जोडपे आहे. ज्या काळात नवऱ्याने बायकोशी चारचौघांत बोलणेही निंद्य मानले जाई, त्या काळात तिला वाचायला उत्तेजन देणारा आणि तिच्या मताची कदर करणारा रघुनाथराव मला कोणत्याही देखण्या नायकापेक्षा अधिक जवळचा वाटतो. म्हणूनच त्याच्या मृत्यूनंतर यमूच्या वाट्याला आलेली केशवपनाची पाने आजही मला सलग वाचवत नाहीत. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’मधील (1962) माधवराव आणि रमाबाईही मनात घर करून आहेत, पण तिथे दोघांमध्ये सतत राज्यकारभार आणि आजारपण येते.

मला अशा मराठी कादंबऱ्या हव्या आहेत, ज्यांत प्रेम लग्नानंतर, रोजच्या संसारात आणि बोलण्यातून हळूहळू उमलते, आणि स्त्रीचे मन तिच्याच शब्दांत उलगडते. शेवट सुखाचा असेल, तर विशेष आनंद होईल. विशेषतः 1980 नंतरच्या कादंबऱ्या कृपया सुचवाव्यात, आणि ते जोडपे आपल्याला का आवडले, हेही अवश्य लिहावे.