ऑस्करच्या आधीच्या भानूताई

वेशभूषाकार भानू अथैया ऑस्करमुळेच मोठ्या झाल्या, असं कुणीतरी म्हटलेलं मी वाचलं. मला हे अजिबात पटत नाही. १९८३ साली 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं, तेव्हा त्या पंचवीसेक वर्षं सिनेमात काम करत होत्या. 'सीआयडी', 'आम्रपाली', 'गाइड' हे सगळं त्याआधीचं! मूळच्या कोल्हापूरच्या, घरात चित्रकार वडील, मग जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. नंतर साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटनं. हात चित्रकाराचा होता, म्हणूनच 'आम्रपाली'तले कपडे बघताना शिल्पंच आठवतात.

मी स्वतः मालिकांच्या कॉस्च्युम विभागात काही वर्षं काढली आहेत. तिथे 'डिझाइन' हा कामाचा छोटासा भाग. कोरं सुती धोतर कॅमेऱ्यासमोर खोटं दिसतं. ते चहाच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, काठ दगडावर घासायचे, मगच ते कुणाच्या तरी अंगावरचं वाटतं. शिवाय कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधले कपडे पुढच्या शॉटमध्येही हुबेहूब तसेच दिसले पाहिजेत! बाहीला दोन घड्या होत्या की तीन, पदर कुठे पिनला होता, सगळ्याचे फोटो ठेवावे लागतात. सेटवर कपडे सांभाळणारे ड्रेसदादा हे सगळं बघतात आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत झरकन निघून जातात.

आता 'गांधी' बघताना गर्दीतल्या माणसांचे कपडे नीट बघा. एकाचं खादीचं मुंडासं दुसऱ्यासारखं नाही. मला तर ते ऑस्करपेक्षाही मोठं वाटतं.