केमोनंतर बधिर झालेल्या पायांना लेसर-प्रकाशाचा उपचार द्यावा का? (ग्वाल्हेर)

प्रश्न: मुलगी, जनकगंज

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे वय 63 आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला पॅक्लिटॅक्सेलचे आठवड्याला एक याप्रमाणे 12 डोस दिले गेले. शेवटचा डोस होऊन पाच महिने झाले. आजार आटोक्यात आहे, परंतु तळपाय आणि बोटांची टोके बधिर झाली आहेत व रात्री पायांची आग होते. फुलवाती वळायला बसली की चिमटीत कापूस आहे की नाही, हे तिला डोळ्यांनी पाहावे लागते. परवा न्हाणीघरातून येताना एक चप्पल मागेच राहिली आणि ते तिला कळलेही नाही, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

शहरातल्या लष्कर भागातल्या एका केंद्राने ‘लेसर’च्या 20 बैठका सांगितल्या असून ‘नसा पुन्हा जिवंत होतील’ असे आश्वासन दिले आहे. पैसे आधी आणि एकरकमी भरायचे आहेत. प्रकाशाने खरोखर गुण येतो का?

उत्तर 1: फिजिओथेरपिस्ट, मुरार

ताई, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या उपचाराला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. 1967 मध्ये बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांना मंद लेसर दिलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवताना दिसले, आणि तेथून या विषयाला सुरुवात झाली. तांबडा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींमधील मायटोकॉन्ड्रिया शोषून घेतात व त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती सुधारते, असे मानले जाते. पॅक्लिटॅक्सेल मज्जातंतूंमधील सूक्ष्मनलिका, म्हणजे तंतूतली ने-आण ज्यांवरून चालते त्या बारीक नळ्या, जखडून ठेवते आणि मायटोकॉन्ड्रियालाही इजा करते. शरीरातले सर्वांत लांब तंतू पायांकडे जातात, म्हणून त्रास बोटांपासून वर सरकतो. तेव्हा ही कल्पना निराधार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटामधील 70 रुग्णांवरची एक चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे हा उपचार दिला गेला आणि ज्यांच्यावर यंत्र नुसते धरले पण उपचार दिला नाही, अशा रुग्णांच्या तुलनेत उपचार घेतलेल्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. मात्र 70 ही संख्या लहान आहे. कर्करोगाच्या उपचारांत तोंड येते, त्यावर हा प्रकाश काही रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचनांत आला आहे; मज्जातंतूंच्या बाबतीत त्याला तसे स्थान मिळालेले नाही. म्हणून ‘नसा जिवंत होतील’ हे वाक्य मला मुळीच मान्य नाही.

पैसे भरण्याआधी यंत्र स्वतः पाहा. आमच्या व्यवसायात शेकासाठी जो लाल बल्ब वापरतात, तो उष्णतेसाठी असतो आणि बधिर तळव्याला त्याचा चटका कळत नाही. कित्येकदा त्यालाच ‘लाइट थेरपी’ म्हटले जाते, हे मला अतिशय खटकते. प्रकाशाची तरंगलांबी किती नॅनोमीटर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल ऊर्जा देणार, हे विचारा. उत्तर आले नाही तर उठून या. प्रकाश जितका जास्त तितका गुण जास्त, असेही नसते. मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की परिणाम घटतो. गाठ होती त्या जागेवर व काखेत प्रकाश देऊ नये, आणि आईंच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पहिली बैठकही घेऊ नये.

उत्तर 2: निवृत्त शिक्षक, दौलतगंज

मुली, मला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्झॅलिप्लॅटिन दिले होते. जानेवारीतल्या आपल्या ग्वाल्हेरच्या थंडीत नळाच्या पाण्याखाली हात धरला की विजेचा झटका बसल्यासारखे होई. उपचार संपल्यावरही तीन महिने बधिरपणा वाढतच गेला. या जातीच्या औषधांत तसे होते, हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा कुठे धीर आला. त्याच हिवाळ्यात पाय गार पडले म्हणून मी ते रूम हीटरजवळ ठेवून वर्तमानपत्र वाचत बसलो. आमच्या सौभाग्यवतींना मोज्याचा जळका वास आला, तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड आलेला होता आणि मला काहीही जाणवले नव्हते. ती जखम भरायला दीड महिना लागला.

म्हणून लेसर घ्या अथवा न घ्या, आईंचे तळवे रोज रात्री उजेडात पाहा, पाणी कोपराने तपासून मगच त्यांना द्या आणि घरातही मागे पट्टा असलेली चप्पल घालू द्या. वेदनेसाठी डुलॉक्सेटीन हे एकच औषध अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या सूचनांत शिफारस केले आहे. मला त्याने आग कमी झाली, बधिरपणा राहिला. आई टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी घेत असतील तर मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण डुलॉक्सेटीनमुळे टॅमॉक्सिफेनचे शरीरात प्रभावी रूपात होणारे रूपांतर कमी होऊ शकते. बी-12 आणि साखर तपासली आहे का? ती कारणे केमोच्या आड लपून राहतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काका, ताई, मनापासून आभार. आज केंद्रात जाऊन आले. नॅनोमीटर विचारल्यावर तेथील मदतनिसाने आतून स्टँडवरचा लाल बल्ब आणून दाखवला. हात धरला तर अर्ध्या मिनिटात मागे घ्यावा लागला. पैसे भरले नाहीत. मंगळवारी आईच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. बी-12 तपासलेले नाही, ते त्याच दिवशी करून घेईन, आणि खऱ्या यंत्राची सोय कोठे आहे हेही त्यांनाच विचारीन. काल रात्री विजेरी घेऊन आईचे तळवे पाहिले, तर डाव्या अंगठ्याखाली एक बारीक चीर होती. ती कधी पडली, हे आईला सांगता आले नाही.