डाग न देता दागिना

हाताने केलेल्या दागिन्यात सफाई नसते, असं काहीजण म्हणतात. मला अलेक्झांडर काल्डर आठवला. झुलत्या शिल्पांचा हा अमेरिकन कलाकार, पण दागिनेही केले, १,८०० च्या आसपास! डाग देणं, म्हणजे वितळलेल्या धातूने तुकडे जोडणं, तो शक्यतो टाळायचा. पितळेची नाहीतर चांदीची तार ठोकून चपटी करायची, वेटोळं वळवायचं, तुकडे एकमेकांत अडकवायचे किंवा रिव्हेट (धातूची बारीक खिळी) मारायचा. हातोडीचे घाव तसेच दिसतात. (आमच्या सोनाराने असा हार दिला तर आई परत करेल, हेही खरं.) कलासंग्राहक पेगी गुगनहाइम १९४२ साली आपल्या न्यूयॉर्कच्या गॅलरीच्या उद्घाटनाला एका कानात काल्डरचं आणि दुसऱ्यात सररिअल (स्वप्नासारखी अद्भुत) चित्रं काढणाऱ्या इव्ह तांगीचं डूल घालून मिरवली; काल्डरची अमूर्त कला आणि तांगीची सररिअल, दोन्ही आपल्याच म्हणून.