क्लस्टरच्या नोड्समध्ये पोर्टची यादी हवी, की आपसात सगळंच खुलं?

रात्रपाळी
आमचा मारियाडीबी डेटाबेसचा तीन नोडचा गॅलेरा क्लस्टर आहे, म्हणजे तोच डेटा तीन सर्व्हरवर (नोडवर). नोड्समध्ये फायरवॉलवर ३३०६, ४५६७ आणि ४५६८ एवढेच पोर्ट उघडले होते. सात महिने सगळं सुरळीत. नोड रीस्टार्ट केला की राहिलेले बदल ४५६८ वरून आयएसटीने (इन्क्रिमेंटल स्टेट ट्रान्सफर, फक्त राहिलेला भाग) यायचे आणि नोड लगेच रुजू व्हायचा. गेल्या आठवड्यात रॅम बदलायला एक नोड रात्रभर बंद ठेवला. तेवढ्या वेळातले बदल जीकॅशमध्ये, म्हणजे अलीकडचे बदल साठवणाऱ्या फाइलमध्ये, मावले नाहीत (१२८ एमबीच्या मूळ सेटिंगला आम्ही हातच लावला नव्हता), म्हणून अख्खा डेटा एसएसटीने (स्टेट स्नॅपशॉट ट्रान्सफर) आणायची वेळ आली. एसएसटी चालते ४४४४ वरून, आणि तो बंद! लॉगमध्ये नुसता टाइमआउट. पहाटेपर्यंत आम्ही नव्या रॅमवरच संशय घेत होतो.

माझं मत आता पक्कं आहे. या तीन आयपींना आपसात सगळं खुलं करा, बाकी जगाला दार बंद.

खुंटी
अजिबात पटलं नाही. घात यादीने नाही केला, अर्धवट यादीने केला. सगळं खुलं केलंत तर एका नोडमध्ये कुणी शिरला की उरलेल्या दोघांचं एसएसएच, बॅकअप, मॉनिटरिंग, सगळंच त्याच्या हाताशी येतं.

शिवाय ४५६७ ला कमी लेखू नका. ३३०६ निदान युजर-पासवर्ड विचारतो. टीएलएस (सर्टिफिकेटने ओळख पटवणारं एन्क्रिप्शन) लावलेलं नसेल तर ४५६७ तेही विचारत नाही. क्लस्टरचं नाव ठाऊक असलेलं आणि तिथवर पोचणारं परकं मशीन नोड म्हणून जोडलं जाऊ शकतं, आणि एसएसटीने सगळा डेटा त्याच्याकडे जातो.

रात्रपाळी
मी जगाला नाही, तीन आयपींना खुलं म्हणतोय. पण टीएलएसचं मान्य. आमच्याकडे नाहीये, आजच कामाला घेतो.

सोळा हजार
माझा कौल रात्रपाळींना. याद्या शिळ्या होतात. रेडिस या डेटाबेसच्या क्लस्टरचंच बघा. ६३७९ सगळे उघडतात, पण नोड एकमेकांशी बोलतात ते त्यात १०,००० मिळवून, म्हणजे १६३७९ वर. तो बंद असला की क्लस्टर बनवण्याची कमांड ठिपके छापत बसते. उद्या कुणी पोर्ट ७००० केला की नोडांचं हे आपसातलं बोलणं (क्लस्टर बस) आपोआप १७००० वर जातं. हे नेटवर्कच्या टीमला कोण सांगणार? पोस्टग्रेस डेटाबेसला पॅट्रोनी (क्लस्टर सांभाळणारं साधन) लावलं तर ५४३२, ८००८, आणि ते क्लस्टरची स्थिती ज्यात ठेवतं त्या एटसीडीचे २३७९ आणि २३८०. एक विसरला की संपलं.

खुंटी
विसरतो म्हणून भिंतच पाडायची? यादी क्लस्टरच्या कॉन्फिगच्या शेजारी, त्याच रेपोमध्ये ठेवा. पोर्ट बदलला की त्याच बदलात नियमही बदलेल.

आणि तपासा. ४४४४ ची खरी अडचण अशी की एरवी तिथे कुणी ऐकतच नसतं, ट्रान्सफरपुरताच तो जागा होतो. त्यामुळे मॉनिटरिंगला तो कधी दिसत नाही. एका नोडवर एनसी (नेटकॅट ही कमांड) ४४४४ वर ऐकत बसवा आणि बाकी दोघांकडून दार ठोठवा. मग उलट दिशेनेही. जो नोड जुळायला येतो तोच ऐकतो, डोनर, म्हणजे डेटा देणारा नोड, त्याच्याकडे जातो. आज जुळणारा उद्या डोनर असतो, म्हणून एका दिशेचा नियम पुरत नाही.

रात्रपाळी
ही चाचणी त्या रात्री हाताशी हवी होती. पण मग मी एक पाऊल पुढे जाईन. महिन्यातून एकदा एका नोडचा डेटा मुद्दाम पुसायचा आणि एसएसटीने परत जोडायचा.

सोळा हजार
प्रॉडक्शनवर? तेवढा वेळ दोनच नोड उरतात आणि त्यातला एक डोनर म्हणून गुंतलेला. पुसायला नोड बंद असतानाच दुसरा कोसळला तर उरलेल्या एकट्याकडे कोरम (लागणारं बहुमत) नाही, लिहिणं बंद. टेस्टवर करा.

रात्रपाळी
टेस्टचे नोड एकाच सबनेटमध्ये आहेत, मध्ये फायरवॉलच नाही. तिथे ४४४४ कायम पास होणार. मी प्रॉडक्शनवरच करणार, आधी चौथा नोड जोडून.