पुरुषांच्या छातीची शस्त्रक्रिया (गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषाच्या स्तनांची वाढ): सर्जन कशावरून निवडावा?

अनामिक_२४
वय २४. वयात येताना छातीला जो उभार आला तो अजून तसाच आहे. दोन्ही बाजूंना सारखा, दुखत नाही. व्यायामानं पोट उतरलं, छाती उतरली नाही. एका क्लिनिकचं म्हणणं : फक्त लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं), दुपारपर्यंत घरी. दुसरीकडे सांगतात की स्तनाची ग्रंथीही काढावी लागेल, पण आधी रक्त तपासू. जाहिरातीतले फोटो दोघांचेही चांगलेच. खरं कोणाचं, आणि डॉक्टर पारखायचा कसा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

शल्यविचार
दुसऱ्या क्लिनिकचं म्हणणं जास्त पटतं, पण छातीत नेमकं काय आहे ते आधी ठरू द्या. उताणे झोपा. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू मध्ये आणा. स्तनाग्राच्या बरोबर खाली घट्ट, रबरी चकती लागली तर ती ग्रंथी. बोटं मध्ये काही न लागता जवळ आली तर बहुधा नुसती चरबी. पक्कं निदान डॉक्टरांनीच करायचं, पण एवढी कल्पना असली की समोरचा काय सांगतोय ते कळतं.

ग्रंथी तंतुमय असते, लायपोसक्शनच्या नळीतून ती नीट निघत नाही. ग्रंथी असताना नुसती चरबी ओढली, तर सूज उतरल्यावर स्तनाग्र पुढे आलेलं तसंच राहतं. मग दुसरी शस्त्रक्रिया. ती व्रणाने चिकटलेल्या भागातून करायची असल्यामुळे पहिलीपेक्षा अवघड जाते.

आता रक्ताबद्दल. वयात येतानाची वाढ बहुतेक मुलांत ६ महिने ते २ वर्षांत आपोआप ओसरते. त्यापुढे टिकली तर कारण शोधायला हवं. रक्तदाबासाठी देतात ते स्पायरोनोलॅक्टोन, केसांसाठी घेतात ते फिनास्टेराइड, मानसिक आजारांवरचं रिस्पेरिडोन, जिममध्ये हातोहात फिरणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे आजार, थायरॉइड ग्रंथीचं गरजेपेक्षा जास्त काम करणं, क्वचित वृषणाची गाठ, यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून टेस्टोस्टेरॉन, एलएच, एस्ट्राडिओल, एचसीजी, प्रोलॅक्टिन, टीएसएच या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करतात, आणि वृषणं हाताने तपासतात. कोणती औषधं किंवा सप्लिमेंट घेता हे न विचारता जो थेट तारीख देतो, त्याच्याकडे जाऊ नका. वाढीचं मूळ कारण तसंच चालू राहिलं तर उरलेली ग्रंथी पुन्हा वाढू शकते.

गाठ एकाच बाजूला, कडक, स्तनाग्रापासून सरकलेली असेल, रक्तमिश्रित स्राव येत असेल किंवा त्वचा आत ओढली जात असेल, तर सौंदर्यशस्त्रक्रियेचा विषय बाजूला ठेवा. आधी सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी. स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुष सुमारे १ टक्का असतात. प्रमाण थोडं असलं तरी निदान बऱ्याचदा उशिरा होतं. काढलेली ग्रंथी हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवणार का, हेही विचारून ठेवा.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा : ‘स्तनाग्राखाली किती ऊती ठेवता?’ चीर साधारणपणे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेने घेतात आणि खाली सुमारे १ सेंमी जाडीचा थर राखतात. सगळंच खरवडलं तर तिथे बशीसारखा खळगा पडतो, त्वचा स्नायूला चिकटते आणि हात हलवला की आत ओढली जाते. हा खळगा नंतर भरून काढणं फार कठीण. नियमित ही शस्त्रक्रिया करणारा माणूस या प्रश्नाचं उत्तर अडखळत देत नाही.

भूलशास्त्र
वरच्या प्रतिसादाशी सहमत. भुलेबद्दल पूरक माहिती देतो, कारण तिकडे कोणी पाहतच नाही.

लायपोसक्शनआधी सलाइनमध्ये लिडोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रेनॅलिन मिसळून ते त्वचेखाली भरतात. या पद्धतीत लिडोकेनची नेहमी पाळली जाणारी मर्यादा वजनाच्या दर किलोला ३५ मिग्रॅ. म्हणजे ७० किलोच्या माणसाला २४५० मिग्रॅ. लिटरमागे ५०० मिग्रॅ घातलं असेल तर जेमतेम ५ लिटर द्रव चालतो, १००० मिग्रॅ घातलं तर अडीच लिटरही नाही. छातीसोबत पोट आणि कंबरही ‘पॅकेज’मध्ये असली की हीच बेरीज चुकते.

रक्तातलं लिडोकेन सर्वाधिक होतं ते साधारण १२ तासांनी. तोवर रुग्ण घरी पोचून झोपलेला असतो. ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूची चव, कानात आवाज ही सुरुवात. पुढे झटके येऊ शकतात. म्हणून दुपारी घरी सोडणं चूक नाही, पण रात्री सोबत माणूस हवा आणि फोन उचलणारा डॉक्टर हवा.

ओटीत (शस्त्रक्रियागृहात) २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून देतात ते चरबीचं द्रावण) आहे का, विचारा. लिडोकेनच्या विषबाधेवर तेच वापरतात. भूल देऊन झोपवून करणार असतील तर पूर्ण वेळ वेगळा भूलतज्ज्ञ हवा, पल्स ऑक्सिमीटरबरोबर कॅप्नोग्राफही (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र). आणि गुंतागुंत झाली तर कोणत्या रुग्णालयात हलवणार, तिथे या सर्जनला दाखल करण्याचा अधिकार आहे का? हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

अनामिक_२४
मनापासून आभार. फोटो कसे पाहायचे? आणि नंतरची काळजी?

टाके_आणि_पट्टी
फोटोत आधी आणि नंतर उजेड, अंतर, हातांची जागा सारखी आहे का पाहा. ‘नंतर’च्या फोटोत हात वर असतील तर छाती आपोआप सपाट दिसते. समोरून, तिरका आणि पूर्ण बाजूने असे फोटो हवेत, निदान ६ महिन्यांनंतरचे. तुमच्यासारखीच वाढ असलेल्यांचे मागा. त्वचा लोंबत असेल तर शस्त्रक्रिया आणि व्रण दोन्ही वेगळे. सर्जनचं नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत स्वतः शोधा आणि पदव्युत्तर प्रशिक्षण प्लास्टिक सर्जरीचं आहे ना, ते पाहा. ‘कॉस्मेटिक’ ही पाटी कोणीही लावतो. संमतीपत्रावर चाकू धरणाऱ्याचंच नाव हवं. आज पैसे भरले तर सवलत, असं म्हटलं की उठून या.

सिगारेट, व्हेप, निकोटिनचं च्युइंगमसुद्धा आधी ४ आणि नंतर ४ आठवडे बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्राची त्वचा मरू शकते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, फिश ऑइल यांबद्दल आधीच सांगा; हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका.

दाबपट्टीचं जॅकेट साधारण ४ ते ६ आठवडे, छातीचा व्यायामही तेवढेच दिवस बंद. पहिल्या ४८ तासांत एकच बाजू भराभर फुगली, ताणली, जांभळी पडली किंवा दुखणं वाढतच गेलं तर आत रक्त साठतंय. बर्फ लावत सकाळची वाट पाहू नका, लगेच फोन करा. ते रक्त बहुधा ओटीतच काढावं लागतं. धाप लागली, पोटरी सुजून दुखू लागली तर क्लिनिकला नव्हे, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

स्तनाग्राचा बधिरपणा काही महिने राहतो, क्वचित कायमचा. आकार ३ ते ६ महिन्यांत स्थिरावतो, त्याआधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया करून घेऊ नका.