प्रति: सेमिनारला एआय सोडून विषयच उरला नाही का?

वर एकांनी लिहिलंय की आपल्या सोलापुरातल्या कॉलेजांत सेमिनार म्हणजे एक तर चॅटबॉट नाहीतर टॉवेलमधले डिफेक्ट कॅमेऱ्यानं शोधणं, तिसरं काही नाही. निम्मं पटलं. टॉवेलवाला विषय वाईट नाही पण, अक्कलकोट रोडला कारखाने आहेत, जाऊन फोटो काढा की, नेटवरचा आयता डेटासेट कशाला उचलायचा?

मला विचाराल तर पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी घ्या, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही फोडता येऊ नयेत अशा एन्क्रिप्शनच्या पद्धती. १९९४ ला पीटर शोरनं दाखवलं की मोठा क्वांटम कॉम्प्युटर झाला तर आरएसए ही सगळीकडे वापरली जाणारी एन्क्रिप्शनची पद्धत तुटणार, तसं मशीन अजून नाहीये, पण आज चोरून साठवलेला डेटा उद्या उघडता येईल म्हणून आत्तापासून धावपळ. अमेरिकेच्या निस्ट या स्टँडर्ड ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१६ ला नवीन पद्धती मागवल्या आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिली तीन स्टँडर्ड काढली. मधे गंमत अशी झाली की साइक नावाची पद्धत निस्टच्या निवडीत चौथ्या फेरीपर्यंत टिकली आणि २०२२ ला दोघा संशोधकांनी तिचं सगळ्यात लहान व्हर्जन साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर तासाभरात फोडलं, क्वांटम वगैरे काही लागलंच नाही! यावर एक सेमिनार सहज होतो राव.

आणि प्रोजेक्टच पाहिजे तर, एमएल-केईएम-७६८ (त्या तीन स्टँडर्डपैकी एकाची आवृत्ती) हिची पब्लिक की, म्हणजे समोरच्याला उघड पाठवायची किल्ली, ११८४ बाइटची, आणि त्याच कामाच्या जुन्या एक्स-२५५१९ पद्धतीची फक्त ३२. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर ही नवी पद्धत बसवून मेमरी न् वेळ मोजा. कोड ओपन सोर्स मिळतो, जीपीयू लागत नाही.