‘कॉसमॉस’मधला सावल्यांचा प्रयोग नांदेडला करायचाय, जोडीला लातूर चालेल का?

गोदाकाठ (नांदेड):
आठवी-नववीच्या विज्ञान मंडळाला खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या ‘कॉसमॉस’ या टीव्ही मालिकेचा (१९८०) पहिला भाग दाखवणार आहे. त्यात सेगन पुठ्ठा वाकवून प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसचा प्रयोग समजावतो (दोन गावांतल्या मध्यान्हीच्या सावल्यांच्या कोनांतला फरक आणि गावांमधलं अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढायचा), तो मुलांकडून मैदानात करून घ्यायचाय. लातूरची एक शाळा तयार आहे. विषुवदिनालाच करावा लागतो का? आणि ४० वर्षांपूर्वीच्या मालिकेतलं काय दुरुस्त करून सांगावं?

ओळंबा:
लातूर नको. नांदेड १९.१५ अंशांवर, लातूर १८.४०. फरक पाऊण अंश, आणि काठीच्या सावलीत अर्धा अंश चूक सहज होते. मग पृथ्वीचा परीघ काहीही येईल. बंगळुरूची शाळा गाठा. रेखांश जवळपास तोच (७७.३ आणि ७७.६), त्यामुळे दोन्हीकडे मध्यान्ह मिनिटभराच्या फरकाने होते. कोनातला फरक ६.२ अंश, म्हणजे एराटोस्थेनिसच्या ७.२ च्या जवळच.

विषुवदिनाची अट नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी मोजलं की झालं. सप्टेंबरात आपल्याकडे ढग, मार्चात परीक्षा, तेव्हा डिसेंबरचा शेवटचा आठवडा बरा.

काठी मात्र वापरू नका. सूर्य अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून सावलीची कड फिकट होत जाते आणि प्रत्येक मूल वेगळ्या जागी खूण करतं. त्याऐवजी पुठ्ठ्याला ४-५ मिलिमीटरचं भोक पाडा, पुठ्ठा फरशीपासून बरोबर १ मीटरवर आडवा बसवा. फरशीवर साधारण दोन सेंटीमीटरचा लंबगोल उजेडाचा ठिपका पडेल, त्याचा मध्य धरायचा. भोकातून ओळंबा सोडून खालचा बिंदू आधीच खडूने मारून ठेवा. फरशीला उतार असेल तर कोन तेवढाच चुकतो, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी लावून तपासा. १२:०५ ते १२:३५ दर दोन मिनिटांनी खूण करा, खडूच्या बिंदूपासून सगळ्यात कमी अंतर ते मध्यान्हीचं. २२ डिसेंबरला नांदेडला ते १२:१९ च्या आसपास मिळेल, ९२ सेंटीमीटर. बंगळुरूला ७४.

दोन गावांमधलं अंतर रस्त्याचं घेऊ नका, रस्ता वळसे घेत जातो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने दक्षिणोत्तर मोजा, ६८५ किलोमीटरच्या आसपास येईल. अक्षांशावरून अंतर काढलं तर उत्तर आधीच वापरल्यासारखं होतं.

तिरपी_किरणं:
वरचं सगळं बरोबर, पण एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच: जमीन सपाट आणि सूर्य जवळ असला तरी सावल्या वेगळ्याच पडतील की! नुसता वाकवलेला पुठ्ठा याला उत्तर देत नाही. सेगनही सूर्य फार लांब आहे, किरणं समांतर येतात, हे गृहीत धरूनच पुढे जातो.

म्हणून तिसरं ठिकाण हवं, आणि नांदेडचं नशीब असं की दिल्लीही जवळपास त्याच रेखांशावर (७७.२) आहे. सपाट जमिनीवर सावली अंतराच्या प्रमाणात सारखी वाढत गेली पाहिजे. बंगळुरू ते नांदेड ६८५ किलोमीटरला १८ सेंटीमीटर वाढली, तर नांदेड ते दिल्ली साधारण १०५० ला २८ वाढून दिल्लीत १२० यायला हवी. प्रत्यक्षात १२८ येते. हे ८ सेंटीमीटर मुलांनी स्वतः मोजले की पुढे वाद उरत नाही. दिल्लीची जोडणी मिळेपर्यंत प्रयोग पुढे ढकलला तरी चालेल.

गोदाकाठ (नांदेड):
हे डोक्यातच नव्हतं. दिल्लीचं बघतो. आणि दुरुस्त्यांचं?

काळा_पाषाण:
त्याच भागातलं वैश्विक कॅलेंडर (विश्वाचं सगळं वय एका वर्षात बसवणारं) १५ अब्ज वर्षांवर बेतलंय. आता १३.८ घ्या. बाकी भागांत बाह्यग्रह, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह, नाहीत (सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला १९९५ चा), विश्वाचा विस्तार वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा नाही (१९९८), आणि व्हॉयेजर यान तेव्हा युरेनसला पोचलंही नव्हतं. एवढं फळ्यावर लिहिलं की पुरे.

कॅलेंडर मुलांना महिन्यांत नको, व्हरांड्यात आखा: १ सेंटीमीटरला १ कोटी वर्षं, म्हणजे १३.८ मीटरची रेघ. सुतळी ताणते, टेप धरून खडूनेच मारा. आजच्या टोकापासून ४.५४ मीटरवर पृथ्वी. देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइट अडीच मीटरच्या आसपास. वेरूळ ज्या काळ्या दगडात कोरलंय तो दख्खनचा लाव्हा ६.६ सेंटीमीटरवर, डायनासोरही तिथेच संपले. माणूस ०.३ मिलिमीटर, म्हणजे खडूच्या रेघेच्या जाडीतच गडप. कैलास लेणं तर सव्वा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

ग्रॅनाइटचा तुकडा आणून तिथे ठेवा, वजनाने रेघेवर बसतो.